क्षयरोग : जंतूचा आणि भुकेचा



आपल्या वस्त्यांत एक शब्द आजही मोठ्याने उच्चारला जात नाही. कोणाला कावीळ झाली तर शेजारीपाजारी उघड बोलतात, हिवताप झाला तर औषध सुचवतात. पण क्षय झाला की घरची माणसे 'जुना खोकला आहे', 'अशक्तपणा आला आहे' असे म्हणून वेळ मारून नेतात. मुलीचे लग्न मोडेल, सुनेला माहेरी धाडतील, मुकादम कामावरून काढील, ही भीती त्यामागे असते. या झाकाझाकीत दोन-तीन महिने निघून जातात आणि तेवढ्या अवधीत रोग घरातल्या दुसऱ्या कोणाच्या छातीत शिरलेला असतो. म्हणून या पाठासाठी हा विषय घेतला आहे. क्षय कशाने होतो, तो कोणाला होतो आणि त्यावरच्या औषधावर व अन्नावर हक्क कोणाचा, हे प्रश्न वेगवेगळे वाटतात. परंतु समाजवादी विचाराच्या लोकांनी ते गेली पावणेदोनशे वर्षे एकत्रच विचारले आहेत, आणि ते एकत्र का विचारले पाहिजेत हेच आज समजून घ्यायचे आहे.

जुन्या धर्माचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. चंद्राने एकाच राणीवर प्रेम केले म्हणून दक्षाने त्याला शाप दिला आणि त्याला क्षय जडला, अशी कथा आहे. राजयक्ष्मा हे नाव तिच्याशीच जोडतात. देवाला शाप, तर माणसाला पूर्वजन्मीचे पाप! धम्मदीक्षा घेऊनही ज्या घरात भगताचा अंगारा आणि गंडा-दोरा शिल्लक आहे, त्या घरात हे उत्तर अजून जिवंत आहे असे समजावे. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माची ही उपपत्ती नाकारली, त्याचे कारण हेच की ती मान्य केली की दुःखाचे कारण शोधण्याची गरजच उरत नाही आणि दुसऱ्याच्या दुःखाची जबाबदारी समाजावर राहत नाही.

विज्ञानाचे उत्तर २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन शहरात मिळाले. रॉबर्ट कॉख या डॉक्टरने सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचा जंतू दाखविला, तो प्रयोगशाळेत वाढविला आणि निरोगी प्राण्यांना टोचून त्यांना तोच रोग होतो हे सिद्ध केले. शाप गेला, पाप गेले, 'आमच्या घराण्यातच आहे' हा समजही गेला. रोगी खोकतो तेव्हा हवेत उडणाऱ्या बारीक तुषारांतून जंतू दुसऱ्याच्या फुप्फुसात जातो. ताटवाटीने, कपड्याने किंवा हातात हात दिल्याने तो जात नाही. रोग्याचे ताट वेगळे ठेवणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. वेगळ्या ताटाचा अर्थ आपल्याला कोणी शिकवायला नको.

परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो. जंतू ज्यांच्या शरीरात शिरतो त्या शंभर माणसांपैकी उभ्या आयुष्यात पाच ते दहा माणसेच आजारी पडतात. बाकीच्यांच्या शरीरात तो दबून राहतो. मग ही पाच-दहा माणसे कोणती? तथागतांनी शिकविलेला प्रतीत्यसमुत्पाद आठवा. एका कारणाने काही घडत नाही; कारणांची साखळी असते. जंतू ही त्या साखळीतील एक कडी आहे. इतर कड्या शोधायला प्रयोगशाळेतून बाहेर पडावे लागते.

कॉखच्या आधी चौतीस वर्षे एक तरुण डॉक्टर असाच बाहेर पडला होता. १८४८ सालच्या आरंभी प्रशियाच्या राज्यात अप्पर सायलेशिया या भागात टायफसच्या तापाची साथ पसरली. तिथली गरीब जनता पोलिश भाषा बोलणारी, राज्यकर्ते जर्मन. सरकारने रुडॉल्फ फिर्खो या सव्वीस वर्षांच्या डॉक्टरला पाहणीसाठी पाठविले. त्याने सुमारे तीन आठवडे झोपड्या पाहिल्या, दुष्काळाने खंगलेली माणसे पाहिली आणि अहवाल लिहिला. औषधांची यादी मागणाऱ्या सरकारला त्याने काय दिले? त्याने सांगितले की या लोकांना स्वराज्य द्या, त्यांच्या मातृभाषेत शिक्षण द्या, रस्ते बांधा, शेती सुधारा आणि करांचा बोजा गरिबांवरून काढून श्रीमंतांवर टाका. साथ आपोआप हटेल. पुढच्याच वर्षी त्याला बर्लिनमधील आपली जागा सोडावी लागली. फिर्खो स्वतःला समाजवादी म्हणवीत नव्हता, लोकशाहीवादी म्हणवीत होता. जंतूंच्या सिद्धांताकडे तो पुढे संशयानेच पाहत राहिला, हा त्याचा एकांगीपणा. पण वैद्यक हे समाजाचे शास्त्र आहे ही दृष्टी त्याच्या त्या अहवालातून रुजली.

त्याआधी तीन वर्षे, १८४५ साली, फ्रेडरिक एंगल्सने इंग्लंडमधील कामगारांच्या स्थितीवर ग्रंथ लिहिला होता. मँचेस्टरच्या कोंदट खोल्यांत क्षयाने झिजणारी माणसे त्याने पाहिली होती. जो समाज माणसांना अकाली मरण येईल अशा स्थितीत जाणूनबुजून ठेवतो, तो खूनच करीत असतो, असा त्याचा आरोप होता. आणि नंतरच्या काळाने या आरोपाला एक प्रकारे साक्ष दिली. इंग्लंडमध्ये क्षयाने होणारे मृत्यू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सारखे घटत गेले. क्षयावरचे पहिले खरे औषध हाती आले ते १९४० नंतर. तोवर बरीच मोठी घट होऊन गेलेली होती. ही घट चांगल्या अन्नामुळे झाली, की घरे सुधारल्यामुळे, की नगरपालिकांनी केलेल्या कामामुळे, यावर विद्वानांत आजही वाद आहे. पण ती औषधाने झाली नाही, याबद्दल वाद असण्याचे कारण नाही.

म्हणजे औषधाचे महत्त्व कमी आहे काय? मुळीच नाही. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत सापडले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले, आणि ज्या रोगात निम्मी माणसे दगावत त्यात माणसे उठून कामाला जाऊ लागली. पण तेव्हा उपचार म्हणजे सॅनेटोरियम. थंड हवेच्या ठिकाणी दीड-दोन वर्षे राहायचे, दूध-अंडी खायची, विश्रांती घ्यायची. गिरणीतल्या किंवा शेतावरच्या मजुराने हे कसे करावे? लाखो रोग्यांच्या देशात खाटा होत्या काही हजार.

या प्रश्नाचे उत्तर मद्रास शहरात मिळाले. १९५६ साली तेथे भारतीय व ब्रिटिश वैद्यकीय संशोधन संस्था, मद्रास सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून एक केंद्र काढले. शहरातील गरीब क्षयरोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवले. दुसऱ्या गटाने आपापल्या दाटीच्या घरात राहून, मिळेल ते खाऊन, वर्षभर त्याच गोळ्या घ्यायच्या. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले होते! शिवाय घरी राहिलेल्या रोग्यांच्या कुटुंबीयांना जास्त लागण झाली असेही आढळले नाही. जगभर सॅनेटोरियमे बंद होण्याची सुरुवात या अभ्यासातून झाली. गरिबाला घर न सोडता, रोजगार कायमचा न गमावता बरे होता येते, हे गरिबांच्याच वस्तीत सिद्ध झाले.

विज्ञान म्हणजे काय हे नवदीक्षितांना समजावून सांगायचे असेल तर मला हा अभ्यास फार उपयोगी वाटतो. अनेक थोर डॉक्टरांची खात्री होती की सॅनेटोरियमशिवाय क्षय बरा होत नाही. थोरांची खात्री बाजूला ठेवून मोजून पाहिले, आणि ती चुकीची ठरली. उलट सोव्हिएत रशियात काय झाले ते पाहा. तेथे दवाखाना सर्वांना मोफत झाला, ही मोठी गोष्ट. पण त्याच राज्याने लायसेंकोची शेतीविषयक मते सरकारी सत्य म्हणून लादली आणि वाविलोव्हसारखा पिकांचा शास्त्रज्ञ १९४३ साली तुरुंगात मेला. सत्य पक्षाच्या हुकमाने ठरू लागले की समाजवादही पोथी होतो. बाबासाहेब १९५६ मध्ये काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांच्याविषयी बोलले तेव्हा शोषण संपविण्याचे ध्येय त्यांनी मान्यच केले होते. मतभेद मार्गाबद्दल होता.

मात्र मद्रासच्या निष्कर्षाचा एक उपयोग असा झाला की ज्याची झळ पुढे आपल्यालाच बसली. अन्न कमी असूनही गोळ्यांनी रोगी बरे झाले ना? मग अन्नाचा खर्च कशाला? १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. नंतर त्याची नावे बदलली, पद्धती बदलल्या. पण कित्येक दशके कार्यक्रम म्हणजे गोळ्यांचे वाटप. भूक ही त्या खात्याची बाबच राहिली नाही. मद्रासच्या अभ्यासाने विचारले होते ते एवढेच, की आजारी माणूस गोळ्यांनी घरी बरा होतो का. भुकेले घर पुन्हा पुन्हा आजारी का पडते, हा प्रश्न त्यात नव्हताच. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे धरून चालणे हा विज्ञानाचा दोष नव्हे. ते काटकसरीचे राजकारण होय.

तो प्रश्न विचारला गेला छत्तीसगडमध्ये. बिलासपूरजवळ गनियारी येथे काही डॉक्टरांनी गरिबांसाठी रुग्णालय चालविले आहे. तेथे २००४ ते २००९ या काळात आलेल्या फुप्फुसाच्या क्षयरोग्यांची वजने त्यांनी मांडून पाहिली. पुरुषांचे मध्यम वजन सुमारे ४२ किलो आणि बायकांचे ३४ किलो. चौतीस किलो! शाळकरी मुलीचे वजन ते एवढेच. पुढे डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने मोठा अभ्यास केला. २,८०० रोगी आणि त्यांच्या घरची दहा हजारांहून अधिक माणसे त्यात होती, बहुसंख्य आदिवासी. पाचापैकी चार रोगी कुपोषित होते. सर्व रोग्यांना औषधांबरोबर दरमहा शिधा दिला : तांदूळ, तूरडाळ, दुधाची भुकटी, तेल. निम्म्या गावांत मात्र रोग्याच्या कुटुंबीयांनाही शिधा दिला. प्रत्येक मोठ्या माणसामागे महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. मुलांना त्याच्या निम्मे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला त्या घरांत नव्या माणसाला क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. थुंकीच्या तपासणीत सिद्ध झालेला, म्हणजे दुसऱ्याला लागणारा फुप्फुसाचा क्षय ४८ टक्क्यांनी कमी झाला. रोग्यांतही असे दिसले की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले त्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी होता. मोठ्या माणसाला या रोगापासून खात्रीने वाचवील अशी लस अजून हाती आलेली नाही. डाळ-तांदळाने जे केले ते एखाद्या लसीला शोभेल असे आहे.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीची कथा आहे. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून दमून, उपाशीपोटी तथागतांच्या सभेत येतो. तथागत धम्मदेशना थांबवून ठेवतात, आधी त्याला जेवू घालायला लावतात आणि मगच बोलू लागतात. भिक्खूंमध्ये कुजबुज होते. तेव्हा तथागत त्यांना समजावतात की भुकेसारखा दुसरा रोग नाही. आपण ही कथा करुणेची म्हणून सांगत आलो. तिच्यात भुकेला रोगांच्या यादीत घातले आहे, याकडे आपले लक्ष कमी गेले.

साखळीच्या आणखीही कड्या आहेत. दगडखाणीत व खडी फोडण्याच्या कामात जी धूळ छातीत जाते तिने फुप्फुसे राठ होतात आणि क्षयाचा धोका अनेक पटींनी वाढतो. विडीकाडी आणि दारू यांनी तो वाढतो, हेही सांगितले पाहिजे. एका खोलीत सात-आठ माणसे आणि खिडकी नाही, मग जंतूला आणखी काय हवे? या प्रत्येक कडीचा शेवट मजुरीपाशी होतो. महिनाभर काम बंद म्हणजे महिनाभर चूल बंद, म्हणून माणूस तापातही कामावर जातो. या संकटाचा विचार बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना केला होता. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. त्याच काळात, १९४४ साली, कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा प्रा. अडारकर यांचा अहवाल तयार झाला आणि त्याच्या पायावर १९४८ चा राज्य विमा कायदा आला. आजारी कामगाराला दवाखाना आणि पगाराचा काही भाग, दोन्ही हक्काने मिळू लागले; क्षयासारख्या लांबणाऱ्या आजारात तर जास्त मुदतीसाठी. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये अन्यूरिन बेव्हन या खाणकामगाराच्या मुलाने, जो स्वतःही खाणीत राबला होता, सर्व नागरिकांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. आपला कायदा कारखान्याच्या फाटकाशी थांबला. नाका कामगार, ऊसतोडणी करणारे, घरकाम करणाऱ्या बाया यांतील बहुतेक जण त्याच्या बाहेरच राहिले, आणि आपली माणसे जास्त करून तेथेच आहेत.

आता औषधाच्या मालकीकडे वळू. भारताने १९७० साली पेटंट कायदा केला. औषधावर नव्हे, फक्त ते बनविण्याच्या पद्धतीवर मक्तेदारी मिळेल, असे त्यात ठरले. दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवायला आपले कारखाने मोकळे झाले आणि औषधे स्वस्त झाली. जागतिक व्यापाराच्या करारामुळे २००५ पासून औषधावरच पेटंट देणे भाग पडले. पण जुन्याच औषधात किरकोळ बदल करून मुदत वाढविता येऊ नये, असे कलम संसदेने राखून ठेवले. या कलमाचे मोल कसे कळले ते पाहा. नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणाऱ्या क्षयावर पूर्वी ज्या सुया देत त्यांनी पुष्कळांची श्रवणशक्ती जाई. पुढे बेडाक्विलिन नावाची गोळी निघाली. तिचे मूळ पेटंट २०२३ च्या जुलैत संपणार होते. कंपनीने त्याच औषधाच्या क्षाररूपासाठी आणखी चार वर्षे मागितली. या मागणीला मुंबईची एक आणि दक्षिण आफ्रिकेची एक, अशा दोन तरुणींनी हरकत घेतली. दोघी क्षयातून वाचलेल्या, दोघींची श्रवणशक्ती उपचारात गेलेली. २३ मार्च २०२३ रोजी भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय खरेदीत या गोळीची किंमत निम्म्याहून खाली आली. संशोधनाला खर्च येतो, तो कोणी द्यायचा, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण या औषधाच्या चाचण्यांत सार्वजनिक पैसाही लागला होता आणि चाचण्यांना शरीर रोग्यांनी दिले होते, हेही हिशेबात धरावे लागेल.

अन्नाबाबत सरकार काय करते? २०१८ पासून रोग्याच्या बँक खात्यात उपचार चालू असेपर्यंत दरमहा ५०० रुपये जमा करण्याची योजना आली. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. कुटुंबाच्या शिध्याचे काम मात्र मुख्यतः 'निक्षय मित्र' म्हणून नाव नोंदविणाऱ्या देणगीदारांवर सोपविले आहे. देणगीदार मिळाला तर पेटी येते, न मिळाला तर येत नाही. आणि पेटी घेताना पुष्कळदा फोटो काढून घ्यावा लागतो. दान देणाऱ्याच्या मनाबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण गोळी सरकारी हक्काने मिळते आणि डाळ मात्र कोणाच्या तरी कृपेने, ही वाटणी कोणत्या शास्त्रात बसते? झारखंडच्या आकड्यांत तर डाळ हीदेखील औषधच ठरली आहे. २०२५ पर्यंत देश क्षयमुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले होते. ते गाठले गेले नाही. जगातील दर चार क्षयरोग्यांपैकी एक अजून भारतात आहे.

पुढील गोष्टी विहाराच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवाव्यात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त, यांपैकी काही असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन थुंकी तपासावी. तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. महिन्या-दीड महिन्यात बरे वाटू लागते आणि नेमकी तेव्हाच माणसे गोळ्या सोडतात. त्यातून औषधाला न जुमानणारा जंतू तयार होण्याची भीती असते. एका गोळीने लघवी नारिंगी-लाल होते, ते रक्त नव्हे. नियमित औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत रोग्यापासून लागण होण्याची शक्यता पुष्कळच कमी होते, म्हणून सुनेला माहेरी धाडण्याचे किंवा बापाला गोठ्यात झोपविण्याचे काही कारण नाही. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि खोकताना तोंडावर कापड धरावे. घरातील इतरांचीही तपासणी करून घ्यावी. त्यांना रोग होऊ नये म्हणूनही सरकारी औषध मिळते, ते मागावे. बँक खाते नाही किंवा नावात फरक आहे म्हणून हजार रुपये अडकले असतील तर महिला मंडळाने आशाताईंना बरोबर घेऊन ते काम तडीस न्यावे. आणि प्रत्येक खेपेला रोग्याचे वजन करून घ्यावे. कार्डावर वजनाचा रकाना कोरा दिसला तर तो तिथल्या तिथे भरून मागावा.